‘गोन्झोज क्वेस्ट’: कोसळणाऱ्या दगडांचा खेळ आणि खेळाडूचे लक्ष

खेळांचे गणित मांडणे आणि त्यांतील फीचर, म्हणजे खेळाला रंगत आणणाऱ्या खास युक्त्या, आखणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे स्लॉट मशीनकडे, म्हणजे पैज लावून बटण दाबल्यावर चिन्हे जुळली तर नाणी देणाऱ्या जुगाराच्या यंत्राकडे, मी दोन नजरांनी पाहते. एक नजर पडद्यावर काय घडते याकडे असते आणि दुसरी नजर ते तसे का घडवले आहे याकडे. नेटएंट या स्वीडिश कंपनीचा ‘गोन्झोज क्वेस्ट’ हा स्लॉट खेळ दोन्ही नजरांना पुन्हा पुन्हा पाहावासा वाटतो. तो आता नवा राहिलेला नाही आणि त्याच्यानंतर कितीतरी अधिक झगमगीत खेळ आले, तरी खेळाडूचे मन एका डावात कसे गुंतवावे हे शिकायचे असेल तर आजही मी आधी याच खेळाकडे बोट दाखवीन. हे परीक्षण त्याच्या सरावाच्या, म्हणजे खोट्या नाण्यांच्या रूपावर आधारलेले आहे. खरा पैसा लावून हा खेळ खेळावा असे मी इथे कुणालाही सुचवत नाही. खेळाडूला खिळवणारे फीचर कोणते आणि नुसते भुलवणारे कोणते, एवढाच प्रश्न मला त्याला विचारायचा आहे.

बाहेरून खेळ साधा दिसतो. पाच उभ्या रांगा, प्रत्येकीत तीन चिन्हे आणि वीस ठरलेल्या पे-लाइन, म्हणजे ज्यांवर चिन्हे जुळली की रक्कम मिळते अशा रेषा, असा त्याचा सांगाडा आहे. सोन्याच्या नगरीच्या शोधात निघालेला गोन्झो नावाचा दाढीवाला स्पॅनिश साहसवीर पडद्याच्या डाव्या बाजूला उभा असतो आणि मोठी रक्कम लागली की पडणारी नाणी आपल्या शिरस्त्राणात झेलायला धावतो. चिन्हे म्हणजे कोरीव मुखवट्यांचे दगड. मात्र इथे रील, म्हणजे चिन्हांच्या फिरत्या पट्ट्या, फिरतच नाहीत. बटण दाबल्यावर जुने दगड खाली निघून जातात आणि वरून नवे दगड एकेका रांगेत धडाधड येऊन बसतात. जुळणी झाली की जुळलेले दगड फुटतात, त्यांच्या वरचे दगड मोकळ्या जागेत घसरतात, उरलेल्या जागी नवे दगड पडतात आणि पुन्हा जुळणी झाली तर हाच क्रम त्याच पैजेत पुढे चालू राहतो. प्रत्येक घसरणीबरोबर वरच्या कोपऱ्यातील गुणक वाढतो: पहिल्या जुळणीला एकपट, दुसरीला दुप्पट, तिसरीला तिप्पट, आणि चौथीपासून पुढे प्रत्येकीला पाचपट. जुळणी थांबली की डाव संपतो आणि गुणक पुन्हा एकवर येतो.

या रचनेचे मोठेपण एका डावाचा हिशेब मांडून पाहिला म्हणजे कळते. समजा, वीस नाण्यांची पैज आहे आणि प्रत्येक जुळणीला मुळात 5 नाणी मिळतात (हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत). पहिल्या जुळणीला 5 नाणी आली, म्हणजे अजून 15 नाण्यांचा तोटा आहे. दगड फुटले, नवे पडले, दुसरी जुळणी झाली आणि दुपटीने 10 नाणी आली. एकूण 15 झाली, तरी अजून तोटाच आहे. तिसऱ्या जुळणीचे 15 मिळाल्यावर बेरीज 30 वर जाते आणि डाव पहिल्यांदा फायद्यात येतो. चौथी जुळणी पाचपटीने 25 आणते आणि बेरीज 55 होते. गुणक नसता तर याच चार जुळण्यांतून नेमकी वीस नाणी, म्हणजे लावली तेवढीच परत आली असती. एकाच पैजेच्या पोटात तोटा, कमी होत जाणारा तोटा आणि फायदा अशी पायरीपायरीने चढत जाणारी छोटीशी गोष्ट घडते आणि तिची प्रत्येक पायरी डोळ्यांसमोर असते. गुणक कुठे आहे हे दिसते, कोणते दगड उरले आहेत हे दिसते, वरून कोणता दगड पडला तर पुढची जुळणी होईल हे खेळाडू मनातल्या मनात जुळवू शकतो. फिरत्या रीलमध्ये निकाल एकदम समोर येऊन आदळतो, तर इथे तो उलगडत जातो. खेळाडूला काहीही ठरवायचे नसते, तरी त्याला पाहायला काहीतरी असते, आणि माझ्या मते फीचरचे पहिले काम हेच आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण या क्षेत्राबाहेरचे लोक तिथे हमखास फसतात. फीचरमुळे खेळाडूला जास्त पैसे मिळत नाहीत. या खेळाचा परताव्याचा दर 95.97 टक्के आहे. याचा अर्थ असा की, अगणित डावांच्या सरासरीत लावलेल्या प्रत्येक शंभर नाण्यांपैकी सुमारे 96 परत येतात आणि उरलेली चार यंत्र चालवणाऱ्याकडे राहतात. गुणक आणि बोनस यांतून मिळणारी नाणी याच शंभरातून काढून दिलेली असतात, म्हणून गुणक जेवढा उदार, तेवढी साध्या जुळणीची रक्कम बारीक ठेवावी लागते. खालच्या दर्जाचे तीन दगड जुळल्यावर हातात इतके थोडे का पडते, याचे उत्तर वरच्या कोपऱ्यातल्या त्या पाचपटीत आहे. रचनाकाराच्या हातात एकूण रक्कम नसते. ती कोणत्या क्षणी आणि कोणत्या आकाराच्या तुकड्यांत परत द्यायची एवढेच असते. प्रत्येक डावाला शंभरातील 96 नाणी निमूटपणे परत करणारे यंत्रही कागदावर याच दराचे ठरेल आणि नव्याण्णव डाव कोरडे ठेवून शंभराव्या डावाला पैजेच्या 96 पट देणारे यंत्रही त्याच दराचे ठरेल. पहिल्याजवळ कुणी दोन मिनिटे बसणार नाही आणि दुसऱ्याजवळ बसणारा बहुतेक वेळा मोठ्या रकमेआधीच उठेल. या दोन टोकांच्या मधली जागा शोधणे हेच या धंद्यातले खरे कसब आहे.

‘गोन्झोज क्वेस्ट’ने ती जागा बोनसमध्येही नेमकी शोधली आहे. सोनेरी दगड पहिल्या तीन रांगांत एका पे-लाइनवर लागोपाठ आले की दहा मोफत डाव मिळतात, आणि त्या डावांत गुणकाची शिडी तिप्पट, सहापट, नऊपट आणि पंधरापट अशी होते. वरच्याच उदाहरणातल्या चार जुळण्या बोनसमध्ये झाल्या तर 15, 30, 45 आणि 75 मिळून 165 नाणी होतात. खेळाडूला नवा नियम शिकावा लागत नाही. ओळखीचीच शिडी तिप्पट उंच झालेली असते. मला ही काटकसर फार आवडते. बोनस म्हणजे वेगळा पडदा, वेगळी पेटी निवडणे, वेगळे चक्र फिरवणे अशी प्रथा असताना या खेळाने मूळ डावाचेच सामर्थ्य वाढवले आहे. त्यामुळे साध्या डावांत खेळाडूने जे पाहून शिकले ते बोनसमध्ये कामी येते, आणि बोनस संपल्यावर साधा डाव परका वाटत नाही.

सोनेरी दगडांच्या जागेबद्दलही दोन शब्द लिहायला हवेत. ते पहिल्या तीन रांगांतच जुळावे लागतात आणि दगड डावीकडून उजवीकडे पडतात, त्यामुळे पहिल्या दोन रांगांत सोने दिसले की श्वास रोखला जातो, तिसऱ्या रांगेचे दगड बसतात आणि प्रश्न तिथेच मिटतो. चौथ्या आणि पाचव्या रांगेपर्यंत आशा ताणली जात नाही. थोडक्यात हुकल्याची चुटपुट इथेही आहेच, पण ती दगडांच्या सहज पडण्यातून आलेली आहे आणि तिचा निकाल लगेच लागतो. या चुटपुटीचे सामर्थ्य कमी लेखू नये. ल्यूक क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले होते की, थोडक्यात हुकलेला डाव हा हरलेलाच डाव असूनही मेंदूतील जिंकण्याशी संबंधित भागांना चाळवतो आणि पुढे खेळत राहण्याची इच्छा वाढवतो.

ही चुटपुट मुद्दाम घडवताही येते, आणि तिचा इतिहास या धंद्याइतकाच शिकण्यासारखा आहे. चार्ल्स फे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोमध्ये बनवलेल्या ‘लिबर्टी बेल’ यंत्राला तीन रील होते आणि प्रत्येकावर दहा चिन्हे होती, म्हणजे शक्यता एकूण हजार. रीलवर जे दिसे तेच खरे होते, आणि म्हणून मोठे बक्षीस ठेवण्याला मर्यादा होती. प्रत्येक रीलवर 22 थांबे, म्हणजे थांबण्याच्या जागा, केले तरी शक्यता 10,648 च्या पुढे जात नाहीत. इंगे टेल्नेस यांना 1984 मध्ये मिळालेल्या पेटंटने ही मर्यादा मोडली. संगणक आधी मोठ्या काल्पनिक रीलवरचा एक आकडा निवडतो आणि मग खरा रील ठरलेल्या थांब्यावर आणून उभा करतो. काल्पनिक रीलवर 64 थांबे असतील तर तीन रीलच्या शक्यता 2,62,144 होतात आणि अवाढव्य जॅकपॉट परवडू लागतो. पण याच युक्तीने असेही करता आले की जॅकपॉटच्या चिन्हाला काल्पनिक रीलवर एकच थांबा द्यायचा आणि त्याच्या लगत वरखाली असलेल्या रिकाम्या जागांना पुष्कळ थांबे द्यायचे. मग जॅकपॉटचे चिन्ह रेषेच्या जरासे वर किंवा जरासे खाली वारंवार दिसते आणि खेळाडूला वाटते की आता थोडक्यातच चुकले. रीलकडे पाहून त्याने बांधलेला अंदाज खोटा असतो आणि तो खोटा ठरावा अशीच रचना केलेली असते. मी जिला भुलवणारे फीचर म्हणते ती ही गोष्ट आहे. इथे खेळाडूचे लक्ष टिकते ते त्याला चुकीचे दिसते म्हणून.

याच कसोटीवर ‘गोन्झोज क्वेस्ट’ एका ठिकाणी माझ्या मनातून उतरतो, आणि तो दोष किरकोळ नाही. वीस नाणी लावून पहिल्याच जुळणीला 5 नाणी मिळाली आणि पुढे काही जुळले नाही, तर खेळाडूने 15 नाणी गमावलेली असतात. पण माझ्यासमोरच्या रूपात दगड थाटात फुटले, सुरेल नाद झाला आणि 5 चा आकडा चमकला. डोळे आणि कान ‘मिळाले’ म्हणतात, पिशवी मात्र ‘गेले’ म्हणते. कॅनडातील वॉटरलू विद्यापीठात माइक डिक्सन, केविन हॅरिगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये नेमक्या याच, विजयाच्या वेषातल्या पराभवांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्वचेच्या विद्युतवाहकतेवरून मोजलेली खेळाडूंची शारीरिक उत्तेजना अशा डावांत खऱ्या विजयाच्या जवळ जाणारी होती आणि साध्या पराभवापेक्षा वेगळी होती. कोसळत्या दगडांच्या रचनेला या आधाराची गरजच नव्हती याचे मला अधिक वाईट वाटते. पहिल्या जुळणीला दगड नुसते फुटू द्यावेत, गुणक वर सरकू द्यावा, आणि जल्लोषाचा नाद बेरीज पैजेच्या पलीकडे गेली त्या क्षणासाठी राखून ठेवावा. आमच्या उदाहरणात तो तिसऱ्या जुळणीला वाजला असता, आणि तिथे तो वाजला असता तर त्या नादाला काही अर्थ राहिला असता. ब्रिटनच्या गॅम्बलिंग कमिशन या जुगार-नियंत्रक संस्थेने ऑक्टोबर 2021 पासून ऑनलाइन स्लॉटसाठी नेमका हाच नियम केला: परत आलेली रक्कम पैजेइतकी किंवा तिच्याहून कमी असेल तर विजयाचा भास देणारे आवाज आणि चित्रे दाखवायची नाहीत. रचनाकार म्हणून मला हा नियम जाच वाटत नाही; चांगल्या रचनेने आधीच पाळायला हवी होती अशी ती शिस्त आहे.

तुलनेसाठी आणखी दोन खेळ शेजारी ठेवते. नेटएंटचाच 2012 मधील ‘स्टारबर्स्ट’ हा अगदी वेगळ्या स्वभावाचा आहे. त्यात दहा पे-लाइन आहेत, जुळणी डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे अशी दोन्ही बाजूंनी मोजली जाते, आणि मोफत डावांचा बोनस मुळीच नाही. त्याचे सारे फीचर एका वाइल्डमध्ये, म्हणजे दुसऱ्या चिन्हांच्या जागी चालणाऱ्या चिन्हात, आहे: मधल्या तीन रांगांपैकी एकीवर तो आला की पूर्ण रांग व्यापतो, तिथेच खिळून राहतो आणि बाकीच्या रांगा फुकटात पुन्हा फिरतात, नवा वाइल्ड आला तर पुन्हा, असे जास्तीत जास्त तीन वेळा. सर्वांत मोठी रक्कम पैजेच्या 500 पट, म्हणजे आजच्या मानाने माफकच. तरीही हा खेळ इतकी वर्षे टिकला, कारण त्याचे फीचर दूरच्या कुठल्याशा दाराआड ठेवलेले नाही. बोनसची वाट पाहत कंटाळवाणे डाव रेटायचे नसतात. जे काही आहे ते याच डावात येते आणि याच डावात संपते. विजयाच्या वेषातल्या पराभवाचा दोष मात्र त्याच्यातही आहे.

‘बोनान्झा’ हा बिग टाइम गेमिंग या ऑस्ट्रेलियन कंपनीचा 2016 मधील खेळ दुसऱ्या टोकाला जातो. त्यात सहा रांगा आहेत आणि प्रत्येक डावाला प्रत्येक रांगेतील चिन्हांची संख्या बदलते. सगळ्या रांगांत सात-सात चिन्हे आली तर जुळणीच्या 1,17,649 वाटा तयार होतात. सातचा सहावा घात म्हणजे हाच आकडा. घसरणीची कल्पना इथेही आहे, पण खरी शहाणी गोष्ट बोनसमध्ये आहे. इंग्रजीत सोने या अर्थाच्या शब्दाची चार अक्षरे पडद्यावर आली की बारा मोफत डाव मिळतात आणि त्यांत प्रत्येक जुळणीनंतर गुणक एकाने वाढतो, पण डाव संपला तरी खाली येत नाही. ‘गोन्झो’त शिडी प्रत्येक डावाला मोडते, तर इथे ती बोनसभर चढत राहते. त्यामुळे बाराही डाव मिळून एकच लांब डाव होतो आणि शेवटच्या डावाचे वजन पहिल्याहून कितीतरी अधिक होते. लक्ष टिकवण्याचे साधन म्हणून हे ‘गोन्झो’पेक्षा प्रभावी आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करते. पण त्याची किंमत साध्या डावांना मोजावी लागते: परताव्याचा मोठा वाटा बोनसच्या टोकाला नेऊन ठेवल्यामुळे बोनसआधीचे डाव दीर्घकाळ कोरडे जातात, आणि खेळाडू जे पाहत आहे त्यात रमण्याऐवजी जे आलेले नाही त्याच्यासाठी बसून राहतो. असे बसून राहणे आणि खेळात गुंतणे यांत मी फरक करते.

2020 मध्ये रेड टायगर या कंपनीने ‘गोन्झो’ला याच बदलत्या वाटांच्या साच्यात बसवले. त्या आवृत्तीत मध्येच भूकंप होतो आणि हलक्या दर्जाचे दगड निघून जातात. दृश्य जोरकस आहे, पण भूकंप का झाला याचे कारण पडद्यावरच्या कशातही सापडत नाही. जुन्या खेळात प्रत्येक दगड आधीच्या दगडामुळे पडतो. नव्यात मात्र कृपा वरून येते. मला जुना अधिक प्रामाणिक वाटतो.

वेगाबद्दल लिहिले नाही तर हे परीक्षण अपुरे राहील, कारण फीचर कितीही देखणे असले तरी त्याचा खरा परिणाम एका तासात किती डाव होतात यावर ठरतो. ‘स्टारबर्स्ट’चा परताव्याचा दर 96.09 टक्के आहे. अडीच सेकंदांना एक डाव धरला तर तासाला 1,440 डाव होतात. प्रत्येकी 10 नाणी लावली तर 14,400 नाणी पैजेत जातात आणि सरासरी तोटा सुमारे 563 नाण्यांचा येतो. डावाचा वेळ पाच सेकंद केला की हाच तोटा सुमारे 282 वर येतो. परताव्याचा दर तोच, चित्रे तीच, आवाज तेच. ब्रिटनने 2021 च्या त्याच नियमांत डावाला किमान अडीच सेकंद ठरवले, आपोआप डाव चालवण्याची सोय बंद केली आणि खेळाडूला किती वेळ गेला व एकूण किती रक्कम गेली हे दाखवणे बंधनकारक केले. जर्मनीतील राज्यांनी त्याच वर्षी अमलात आणलेल्या जुगारविषयक करारात पाच सेकंदांची मर्यादा घातली. ‘गोन्झो’ला वेगाच्या मर्यादेचा फारसा त्रास होऊ नये, कारण जुळणी झालेला डाव मुळातच रेंगाळतो, दगड फुटायला, घसरायला आणि बसायला जो वेळ लागतो तोच तर खेळाचा गाभा आहे. आपोआप डाव चालवण्याची सोय मात्र या खेळाच्या मुळावर येते. खेळाडू पाहतच नसेल तर इतक्या काळजीने रचलेला डाव कुणासाठी उलगडतो, हे मला त्या सोयीच्या बाजूने बोलणाऱ्या सहकाऱ्यांकडून कधीच नीट समजलेले नाही.

मोफत डावांच्या शेवटी हा खेळ त्या डावांत मिळालेली एकूण रक्कम मोठ्या अक्षरांत दाखवतो. ज्यांना फीचर आखायचे आहे त्यांनी हा पडदा आल्यावर जरा थांबून त्या आकड्याखालच्या मोकळ्या जागेकडे पाहावे. बोनस मिळेपर्यंत किती नाणी लावली, त्यांतली किती परत आली आणि आता पिशवीत सुरुवातीपेक्षा किती कमी किंवा जास्त आहेत, हे तीन आकडे तिथे सहज मावतात. मी माझ्या मांडणीत ते तीन आकडे लिहून पाहिले आहेत, आणि दगड कोसळतानाची माझी उत्सुकता त्यांनी तसूभरही कमी झाली नाही.